पहिली सुई आणि सोळावा आठवडा

आपल्या घरांतून वैश्वदेव आतां जवळजवळ नाहींसा झाला. परंतु ज्यांनीं तो लहानपणीं पाहिला असेल त्यांस आठवत असेल कीं, कावळ्याच्या घांसाबरोबर कुत्र्याचाहि एक घांस त्यांत वेगळा काढलेला असे. यमाचे दोन श्वान, श्याम आणि शबल, यांच्या नांवानें तो घांस बाहेर नेऊन ठेवायचा आणि हातपाय धुवून घरांत यायचें. कुत्र्याशीं आपल्या घरांचा संबंध बहुधा एवढाच. घांस द्यावा, पण दाराबाहेर. उंबऱ्याच्या आंत तो नको. तेव्हां सारी हयात रूपावली आणि समासचक्र घोकवून घेण्यांत घालविलेल्या माझ्यासारख्या माणसानें शिकारी कुत्र्याच्या पिल्लास लस केव्हां व कशी टोचावी यावर लेख लिहावा, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. मलाहि वाटतें. पण गेल्या दीड-दोन वर्षांत या विषयाचा जेवढा अभ्यास मला करावा लागला तेवढा मॅट्रिकच्या परीक्षेचाहि मीं केला नव्हता. आणि त्या अभ्यासाची फी एका मुक्या जीवानें भरली आहे.

धुळें जिल्ह्यांत, शिरपूर तालुक्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची शेती आहे. मका, कापूस, थोडी केळी. डोंगर हाकेच्या अंतरावर असल्यामुळें रानडुकरांचा उपद्रव फार. एका रात्रींत कळप येतो आणि मक्याचें उभें रान लोळवून जातो. माळ्यावर बसून डबे वाजविणें, फटाके उडविणें, जुन्या लुगड्यांचें कुंपण बांधणें, हे सर्व उपाय करून थकल्यावर त्यानें सोलापूरकडून कारवान जातीचें एक पिल्लूं आणविलें.

कारवान कुत्रा ज्यांनीं पाहिला नसेल त्यांनीं निमुळतें तोंड, खोल छाती, पाठीला लागलेलें पोट आणि हरणासारखे लांब पाय मनासमोर आणावे. काफिल्यांबरोबर आलेला म्हणून कारवान, अशी त्याची व्युत्पत्ति सांगतात. दक्षिणेकडे मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं याच रक्ताच्या कुत्र्यांची जोपासना केली व बादशहा पंचम जॉर्ज यांस तीं नजर केलीं, म्हणून त्यांस मुधोळ हें नांव पडलें. भारतीय टपाल खात्यानें २००५ सालीं त्यांचें चित्र तिकिटावरहि छापलें. हा कुत्रा नाकापेक्षां डोळ्यावर अधिक विसंबतो. दूरवर हललेली वस्तु त्याला दिसते आणि मग तो धांवतो, तें पाहण्यासारखें असतें. एक गोष्ट मात्र येथेंच सांगून ठेवितों. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें आपल्याकडे पारध बंद आहे. ससा, काळवीट किंवा कोल्हा यांच्यामागें कुत्रा सोडणें हा गुन्हा आहे. तेव्हां शिकारी कुत्रा हा आतां जातीनें शिकारी आणि कामानें राखणदार, असाच पाळला पाहिजे.

तें पहिलें पिल्लूं दोन वर्षांपूर्वींच्या वैशाखांत आलें तेव्हां जेमतेम चाळीस दिवसांचें होतें. माझा विद्यार्थी शिकलेला. लस टोचली पाहिजे हें त्याला ठाऊक होतें. गांवाहून बऱ्याच अंतरावरील एका औषधाच्या दुकानांतून त्यानें लसीची कुपी विकत घेतली, सदऱ्याच्या खिशांत घातली, आणि मोटारसायकलवरून तासाभराची वाट भर दुपारीं तोडून घरीं आला. खानदेशांतील वैशाखाची दुपार कशी असते हें जळगांव-भुसावळकडील वाचकांस सांगावयास नको. कुपी रात्रभर देवळींत राहिली. सकाळीं गुरांना सुया देणाऱ्या शेजाऱ्यानें ती पिल्लास टोचली. घरांत सर्वांस वाटलें, झालें! आतां भीति नाहीं.

आषाढांत एके रात्रीं मला फोन आला. ‘गुरुजी, पिलू मरी गयं,’ एवढेंच तो म्हणाला. शाळेंत पांच वर्षें तो माझ्याजवळ होता, पण माझ्याशीं कधीं अहिराणींत बोलला नव्हता. तीन दिवस ओकाऱ्या आणि रक्ताचे जुलाब होऊन तें गेलें होतें. शेवटच्या दिवशीं पाण्याच्या वाटींत तोंड ठेवून पडलें होतें, पण पाणी पोटांत ठरत नव्हतें. ‘सुई तर दिली होती ना हो?’ हा प्रश्न त्यानें मला दोनदां विचारला. मला उत्तर ठाऊक नव्हतें, आणि चाळीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसास ही स्थिति सोसवत नाहीं. म्हणून मी धुळ्यांतील एका तरुण पशुवैद्य बाईंकडे गेलों. त्यांनीं जें सांगितलें, व त्यानंतर मीं जें वाचून ताडून पाहिलें, तें येथें मांडीत आहें.

पिल्लूं ज्या रोगानें गेलें त्याचें नांव पार्व्हो. हा जुना रोग नव्हे. १९७८ च्या सुमारास तो प्रथम प्रकट झाला आणि दोन वर्षांच्या आंत जगभर पसरला. आंतड्याचें अस्तरच तो सोलून काढतो. या रोगावर नेमकें असें औषध सहसा मिळत नाहीं. शिरेंतून पाणी व क्षार देऊन जीव तगवून धरणें एवढेंच वैद्याच्या हातीं असतें. पण प्रतिबंध मात्र उत्तम आहे, आणि तो म्हणजे लस. मग लस टोचूनहि पिल्लूं कां मेलें?

बाई म्हणाल्या, ‘दोन कारणें संभवतात. कोणतें खरें तें आतां कळणार नाहीं. पण दोहोंपैकीं एकहि पुरेसें आहे.’

पहिलें कारण समजावयास गोठ्यांत जावें लागतें. गाय व्याली कीं पहिले दोन-तीन दिवस तिला जो चीक येतो, तो वासरास पाजलाच पाहिजे हें आपल्या आज्यांस ठाऊक होतें. कां, तें विज्ञानानें मागाहून सांगितलें. आईच्या अंगांतील रोगप्रतिकारक द्रव्यें त्या चिकांतून लेकराच्या अंगांत उतरतात. कुत्रीचेंहि तसेंच. पिल्लूं जन्माला येतें तें जणूं आजोळची शिदोरी घेऊन. या शिदोरीवर तें कांहीं आठवडे निभावतें. पण ही शिदोरी पुरी आहे तोंवर बाहेरून टोचलेली लस पिल्लाच्या अंगीं लागत नाहीं. आईचीं द्रव्यें रोग आणि लस यांत भेद करीत नाहींत, लसीलाहि शत्रु समजून तीं गिळून टाकतात. ही शिदोरी कोणाची आठव्या आठवड्यांत संपते, कोणाची बाराव्या, कोणाची चौदाव्या-सोळाव्या. एकाच वेताच्या दोन भावंडांत अंतर पडतें, आणि बाहेरून पाहून तें ओळखतां येत नाहीं. त्यांतहि दुर्दैव असें कीं, शिदोरी सरत आली असतां मध्यें कांहीं दिवस असे येतात कीं, ती लसीस अडविण्यापुरती शिल्लक असते, पण रोगास अडविण्यास अपुरी पडते. पिल्लें मरतात तीं बहुधा याच दिवसांत.

म्हणून एक सुई देऊन भागत नाहीं. सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान पहिली, नंतर दर तीन-चार आठवड्यांनीं पुढची, आणि काय वाटेल तें झालें तरी शेवटची सोळा आठवडे पुरे झाल्यावर. हा सोळावा आठवडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पहिल्या सुईबद्दल लोक फार उत्साही असतात, आणि शेवटचीबद्दल उदासीन. वास्तविक एकच सुई देणें शक्य असेल तर ती सोळाव्या आठवड्यानंतरची द्यावी, असें जाणते सांगतात. त्यानंतर सहा महिन्यांच्या वा वर्षाच्या सुमारास एक, आणि पुढें डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें. माझ्या विद्यार्थ्यानें सहाव्या आठवड्यांत एक सुई दिली आणि वही मिटली. वर्गांत पहिल्या दिवशीं हजेरी लावून वर्षभर न फिरकणाऱ्या मुलासारखी त्या सुईची गत झाली.

दुसरें कारण उन्हाळा. लस ही अर्कासारखी किंवा काढ्यासारखी वस्तु नव्हे. पिल्लांच्या लसींत दुबळे केलेले जिवंत विषाणु असतात आणि तिला दोन ते आठ अंशांच्या थंडाव्यांत ठेवावें लागतें. कारखान्यापासून सुईपर्यंत ही थंडाई कोठेंहि तुटतां कामा नये. कुपी फुटली नाहीं, रंग बदलला नाहीं, वास आला नाहीं, तरी ती आंतून मेलेली असूं शकते. आणि मेलेली लस टोचणें म्हणजे पाणी टोचणें. लस घरीं नेण्यापेक्षां पिल्लूं दवाखान्यांत न्यावें हें उत्तम. न्यावीच लागली तर थर्मासांत बर्फ घालून, कुपी बर्फाला थेट चिकटणार नाहीं अशा बेतानें न्यावी, कारण गोठली तरी कित्येक लसी बिघडतात. दुकानदारास विचारावें कीं, भारनियमनांत तुमचें शीतकपाट किती वेळ बंद असतें? हा प्रश्न उद्धट वाटेल. तरी विचारावा.

पहिलें गेलें म्हणून दुसरें पिल्लूं आणूं नये असें माझ्या विद्यार्थ्याच्या आईचें मत होतें. पण डुकरांनीं त्या वर्षीं पुन्हां मका खाल्ला आणि मत बदललें. मार्गशीर्षांत सात आठवड्यांचें दुसरें पिल्लूं आलें. परंतु आतां नवीच अडचण उभी राहिली. पार्व्होचा विषाणु मातींत वर्षभर, कित्येकदां अधिकहि, टिकतो. आपल्या नेहमींच्या फिनेलवर विसंबतां येत नाहीं. सिमेंटची जमीन असेल तर ब्लीचिंगचें पाणी, एकास तीस या प्रमाणानें, चोळून दहा मिनिटें ठेवावें. पण शेतांतील ओसरीपुढच्या मातीला काय करणार? बाईंनीं साफ सांगितलें कीं, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत हें पिल्लूं त्या जागीं नेऊं नका. मग न्यावें कोठें? माझा विद्यार्थी माझ्या तोंडाकडे पाहूं लागला.

मीं घरीं गोष्ट काढली तेव्हां आमच्या सौभाग्यवती देवघरांत फुलवाती वळीत होत्या. ‘ठेवा,’ ती म्हणाली, ‘पण अंगणांत. माजघराचा उंबरा त्यानें ओलांडला तर तुम्हीहि त्याच्याबरोबर अंगणांत.’ ही अट मीं मान्य केली. जनमेजयाच्या भावांनीं यज्ञांत हविर्द्रव्यास तोंडहि न लावलेल्या कुत्र्यास मारलें आणि त्याची आई सरमा हिनें त्यांस शाप दिला, ही आदिपर्वांतील कथा मीं तिला मुद्दाम ऐकविली. निरपराध श्वानास छळूं नये, हें त्यांतील तात्पर्य. पिल्लाचें नांवहि मीं सारमेय ठेवलें. तें कोणाच्याच जिभेवर बसलें नाहीं. शेजारच्या मुलांनीं तिसऱ्याच दिवशीं त्याचा ‘सारू’ केला, आणि व्याकरणाचा माझा सारा आग्रह व्यर्थ गेला.

आठव्या, बाराव्या आणि सोळाव्या आठवड्यांत सारूला सुया दिल्या. तिन्ही वेळां तारीख, लसीचें नांव आणि कुपीवरील चिठ्ठी पुस्तकांत चिकटविली कीं नाहीं हें मीं स्वतः पाहिलें. सुईच्या दिवशीं पिल्लूं थोडें सुस्तावतें, अन्नावरची वासना कमी होते, टोचल्या जागीं गांठ येते. एका-दोन दिवसांत तें मावळतें. तोंड सुजलें, अंगावर गांधी उठल्या, धाप लागली तर मात्र तेव्हांच परत न्यावें, म्हणून सुई टोचल्यावर अर्धा तास दवाखान्याच्या बाकावर बसून राहण्याचा माझा नेम होता. आजारी, अशक्त किंवा जंतांनीं भरलेल्या पिल्लास आधीं सुधारून घ्यावें आणि मग टोचावें.

या दोन महिन्यांत त्याला बाहेर सोडावयाचें नाहीं. पण याच दिवसांत, म्हणजे तिसऱ्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत, पिल्लाचें मन घडत असतें. या काळांत त्यानें जें पाहिलें नाहीं त्याला तें जन्मभर भितें, आणि भित्रा कुत्रा चावतो. रोगाची भीति एकीकडे, भित्रेपणाची दुसरीकडे. यावर उपाय असा कीं, जमिनीवर ठेवूं नये, पण उचलून न्यावें. मीं त्याला कापडी पिशवींत घालून, तोंड तेवढें बाहेर ठेवून, सकाळीं पांझरेच्या कांठीं आणि संध्याकाळीं आग्रा रोडवर नेत असें. मालमोटारी, वाजंत्री, शाळा सुटल्यावरचा गलका, सर्व त्यानें पिशवींतून पाहिलें. माझ्या जुन्या सहकाऱ्यांनींहि तें पाहिलें आणि त्यांची करमणूक झाली.

पार्व्होबरोबर एकाच सुईंत ज्या दुसऱ्या रोगाची लस असते तो डिस्टेंपर. डोळ्यांनाकांतून पू, ताप, खोकला, आणि पुढें मेंदूपर्यंत पोंचला कीं झटके. यांतून वांचलेला कुत्रा पुष्कळदां जन्माचा अधू होतो. याचा विषाणु कारे या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९०५ मध्यें दाखविला, पण लस निघाली ती इंग्लंडांतील शिकारी लोकांच्या पैशांतून. तेथील ‘फील्ड’ या शिकारीस वाहिलेल्या साप्ताहिकानें निधि उभारला आणि लेडलॉ व डंकिन या दोघांनीं १९२० नंतरच्या दशकांत फेरेट नांवाच्या मुंगुसासारख्या प्राण्यावर प्रयोग करून ती सिद्ध केली. मौज अशी कीं, त्याच फेरेटांच्या योगानें लेडलॉ व त्याच्या सहकाऱ्यांस १९३३ मध्यें माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणु सांपडला. शिकारी कुत्र्यांसाठीं जमविलेला पैसा असा सबंध मनुष्यजातीच्या कामीं आला.

सातपुड्याच्या कडेला कुत्रा पाळणाऱ्यानें डिस्टेंपरची लस आणखी एका कारणासाठीं चुकवूं नये. हा रोग कुत्र्यापुरता राहत नाहीं. आफ्रिकेंतील सेरेंगेटींत १९९४ मध्यें त्यानें सुमारें एक तृतीयांश सिंह मारले. आपल्या शेजारीं गीरच्या अरण्यांत २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत वीसांहून अधिक सिंह मेले, तेव्हां त्यांच्यापैकीं कित्येकांत हाच विषाणु सांपडला आणि उरलेल्यांसाठीं परदेशांतून लस मागवावी लागली. आपल्याकडे जळगांव जिल्ह्यांत यावलचें अभयारण्य आहे, धुळें जिल्ह्यांत अनेर धरणाचें आहे. तेथें बिबटे, लांडगे, कोल्हे, तरस आहेत. शेतावरचा कुत्रा रात्रीं कोठें जातो आणि कोणाच्या पाणवठ्यावर तोंड घालतो हें धन्यास कोठें ठाऊक असतें?

लेप्टो हा चिखलाचा आणि उंदरांचा रोग. उंदराच्या मुतानें दूषित झालेल्या पाण्यांतून तो कुत्र्यास आणि माणसासहि होतो, आणि मूत्रपिंड व यकृत नासवतो. केळींच्या बागेंत पाणी साचलेलें असतें, उंदीर मुबलक, म्हणून सारूला याच्याहि दोन सुया तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें दिल्या, आणि ही सुई दरवर्षीं द्यावी लागते.

गोचिडांवर मात्र सुई नाहीं, आणि आपल्या भागांत शिकारी कुत्र्यांचा खरा काळ तोच. गोचीड रक्त पितो एवढेंच नव्हे, तर रक्तांत सूक्ष्म जंतु सोडतो. ताप येतो, हिरड्या पांढऱ्या फटक पडतात, कधीं मूत्र लाल होतें, कधीं नाकांतून रक्त वाहतें. या जंतूंपैकीं एका जातीचा शोध तर शिकारी कुत्र्यांतच लागला: पॅटन नांवाच्या डॉक्टरानें १९१० मध्यें मद्रास येथील शिकारी कळपाच्या कुत्र्यांच्या रक्तांत तो पाहिला, आणि मग कोल्ह्याच्याहि रक्तांत. रोज संध्याकाळीं कुत्र्याचे कान आंतून, बोटांच्या बेचक्या, मानेखालील घडी आणि शेपटीचें बूड हातानें चांचपावें. गोचीड दिसला तर चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढावा, रॉकेल ओतूं नये आणि नखानें चिरडूंहि नये. डॉक्टर जें औषध मानेवर टाकावयास किंवा पोटांत द्यावयास सांगतील तें वजनाप्रमाणें द्यावें. गुरांवर फवारण्याचें औषध अंदाजानें पिल्लास चोपडून तें गमावलेलीं घरें मला ठाऊक आहेत.

जंतांचें औषध दुसऱ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत दर पंधरवड्यास, मग सहा महिन्यांचें होईपर्यंत दरमहा, आणि पुढें दर तीन महिन्यांनीं. शिकारीच्या कुत्र्यास कच्चें काळीज-फुप्फुस टाकण्याची जी जुनी चाल आहे ती अगदीं सोडावी. त्यांतून एक बारीक पट्टकृमि कुत्र्याच्या पोटांत जातो, त्याचीं अंडीं कुत्र्याच्या विष्ठेंतून व अंगावरच्या केसांतून मुलांच्या हातावर येतात, आणि मग वर्षांनुवर्षांनीं माणसाच्या यकृतांत पाण्याच्या मोठाल्या गांठी निघतात. मांस द्यावयाचें तर शिजवून द्यावें.

कारवानाविषयीं दोन शब्द निराळे. याच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, म्हणून भुलीचीं कांहीं जुनीं औषधें त्याला बाधतात. डुकराच्या सुळ्यानें फाटलेली जखम शिवावयास नेलें तर जात आधीं सांगावी. हाडें भरेपर्यंत, म्हणजे वर्षभर, त्याला मोटारसायकलमागें पळविण्याचा हौशी अघोरीपणा करूं नये. आणि चैत्र-वैशाखांत ऊन तापल्यावर मुळींच धांवडवूं नये. धाप लागून जीभ जांभळी पडली तर सावलींत नेऊन गार पाणी अंगावर ओतावें व वारा घालावा.

आतां ज्या एका रोगासाठीं मी हें सर्व लिहावयास बसलों त्याकडे येतों. मी दहा वर्षांचा असेन. आमचें गांव तापीच्या कांठीं, यावल तालुक्यांत. माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलास पिसाळलेलें कुत्रें पोटरीला चावलें. घरच्यांनीं जखमेंत मिरची भरली, वर पान बांधलें, आणि अंगारा आणला. त्या काळीं पोटांत चौदा सुया घ्याव्या लागत. त्यांच्या धास्तीनें आणि तालुक्याला जाण्याच्या खर्चानें ते गेले नाहींत. जखम भरली. दोन महिन्यांनीं एके दिवशीं तो शाळेंत आला नाहीं म्हणून मी त्याच्या घरीं गेलों. त्याची आई तांब्यांत पाणी घेऊन आंत जात होती, आणि तो तांब्या नुसता दिसतांच त्याचा गळा जो आवळला, तो आवाज मी अजून विसरलों नाहीं. चौथ्या दिवशीं तो गेला. पुढें शिकवितां शिकवितां सुश्रुतसंहितेचें कल्पस्थान वाचनांत आलें तेव्हां पिसाळलेल्या श्वानाच्या दंशाचें वर्णन, आणि रुग्ण पाण्यास भिऊं लागला कीं तो वांचत नाहीं हें जलत्रासाचें लक्षण, तेथें जसेंच्या तसें सांपडलें. सुश्रुतापासून आजतागायत या एका वाक्यांत व्यवहारतः फरक पडलेला नाहीं. फरक पडला तो त्याच्या अलीकडच्या दिवसांत. ६ जुलै १८८५ रोजीं पाश्चरनें नऊ वर्षांच्या जोझेफ माइस्टर या मुलास प्रथम लस टोचली. आपल्याकडे १९०० मध्यें कसौली येथें पाश्चर संस्था निघाली, तेथें सेंपल यांनीं १९११ मध्यें मेंढीच्या मेंदूपासून जी लस सिद्ध केली तिच्याच त्या चौदा सुया. ती लस आतां २००५ च्या सुमारापासून इतिहासजमा झाली आहे. हल्लींच्या लसी दंडांत दिल्या जातात आणि सुया चार-पांचच. तरीहि जगांत दरवर्षीं सुमारें ५९,००० माणसें या रोगानें मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत दहांपैकीं चार मुलें असतात.

कुत्र्यांपैकीं शेंकडा सत्तर जरी टोचले गेले तरी हा रोग एखाद्या प्रदेशांतून हटतो. गोव्यानें तें करून दाखविलें: २०१३ पासून तेथें गांवोगांव जाळीं घेऊन भटके कुत्रेहि टोचले गेले, आणि २०२१ मध्यें जेव्हां राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालें तेव्हां तीन वर्षें माणसाचा एकहि बळी गेलेला नव्हता.

सारूला पिसाळीची पहिली सुई बाराव्या आठवड्यांत दिली होती, आणि मग तो शेतावर गेला. त्याच्या पुढच्या मार्गशीर्षांत, कापसाची वेंचणी चालू असतां, भर दुपारीं एक कोल्हा माणसांस न भितां शेतांत शिरला. सारू त्याच्यावर धांवला. दोघांची झटापट झाली, सारूचा ओठ फाटला, आणि कोल्हा लंगडत नाल्यांत उतरला. माझ्या विद्यार्थ्याच्या अकरा वर्षांच्या मुलानें कुत्र्याचें रक्ताळलेलें तोंड आपल्या हातांनीं पुसलें. आणि वेंचणी करणाराचे हात बोंडांच्या कांट्यांनीं कसे ओरखडलेले असतात हें खानदेशांत कोणास सांगावें?

बापाचा फोन आला तेव्हां तो मराठींतच बोलत होता, पण आवाज कांपत होता. मीं सांगितलें, पोराचे हात साबण लावून नळाच्या धारेखालीं पुरीं पंधरा मिनिटें घड्याळ लावून धू, हळद नको, चुना नको, कांहीं नको, आणि निघ. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत मुलाला त्याच दिवशीं सुई मिळाली, ओरखड्यांभोंवतीं तयार प्रतिकारद्रव्यहि टोचलें, आणि मग तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवसाची चिठ्ठी हातीं दिली. सारूला त्याच संध्याकाळीं पुन्हां लस टोचली आणि पंचेचाळीस दिवस साखळीनें बांधून, कोणाच्या अंगाशीं येऊं न देतां, लक्ष ठेवण्यास सांगितलें. लस मुळींच दिलेली नसती तर डॉक्टरांनीं वेगळाच सल्ला दिला असता, आणि तो त्या मुलास कोणीं सांगावा हा प्रश्न होता. वन खात्याचीं माणसें दुसऱ्या दिवशीं नाला धुंडून गेलीं. कोल्हा सांपडला नाहीं, आणि तो पिसाळलेला होता कीं नुसता भुकेलेला, हें शेवटपर्यंत कळलें नाहीं.

ते पंचेचाळीस दिवस आमच्या घरीं कोणीं मोजले असतील असें वाचकांस वाटतें? मी एक-दोनदां विसरलों. सेहेचाळिसाव्या दिवशीं सकाळीं, मी संध्येला बसलों असतां, सौभाग्यवतींचा फोनवरील आवाज ऐकूं आला, ‘काय रे, सारूला सोडलेंस का? आणि बाळाच्या सुया पुऱ्या झाल्या ना? शेवटचीसुद्धां?’ मग तिनें भिंतीवरचें नवें कालनिर्णय खालीं काढलें, डिसेंबरचें पान उलगडलें, आणि एका एकादशीच्या चौकटींत, उपासाच्या खुणेशेजारीं, बारीक अक्षरांत लिहिलें: सारू, सुई.